वाफेच्या टर्बाइनची बंद-कळ किती दिवसांनीं तपासावी?

शेतकीच्या मासिकांत वाफेच्या यंत्राचा विषय पाहून कांहीं वाचक कपाळास आंठ्या घालतील. त्यांनीं थोडा धीर धरावा अशी आमची विनंति आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धान पिकतें. धान भरडलें म्हणजे त्याच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस निघतें. हें तूस पूर्वी उकिरड्यावर जात असे. आतां तें बॉयलरखालीं जळतें, त्याच्या वाफेवर उसना तांदूळ होतो, आणि कांहीं ठिकाणीं त्याच वाफेनें टर्बाइन फिरून वीजहि होते. तिरोड्यास तर ६६० मेगावॅटचे पांच संच, म्हणजे एकूण ३३०० मेगावॅटचें वीज केंद्र २०१२ ते २०१४ या काळांत क्रमाक्रमानें सुरू झालें. त्यास लागणारें पाणी आपल्या वैनगंगेचें. उसाच्या मुलखांत तर शेतकरी टर्बाइनचा मालकच आहे. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना चालू झाला, तेव्हांपासून शेअर घेणारा शेतकरी हा बॉयलर आणि यंत्रें यांचा भागीदार झाला आहे. शिवाय आपल्याच घरांतील मुलगे आज या यंत्रांपाशीं रात्रपाळी करतात. तेव्हां ज्या कळीवर त्यांचे प्राण अवलंबून आहेत ती कळ चालते कीं नाहीं, व तें कितीदां पाहावें, हें समजून घेणें आपलें काम आहे.

यंत्राची ओळख

टर्बाइन म्हणजे एका पोलादी दांड्यावर बसविलेल्या पात्यांच्या चाकांची रांग. बॉयलरची वाफ मोठ्या जोरानें पात्यांवर आदळते, दांडा फिरतो, आणि त्यास जोडलेलें जनित्र वीज उत्पन्न करतें. आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें मोठे औष्णिक संच मिनिटास ३००० फेरे घेतात. लहान कारखान्यांतील टर्बाइन बहुधा याहून अधिक वेगानें फिरतें, व मध्यें दंतचक्रें घालून जनित्राचा वेग कमी केलेला असतो.

जोंपर्यंत जनित्रावर विजेचा भार आहे तोंपर्यंत तें टर्बाइनला मागें ओढून धरतें. हा भार एकाएकीं सुटला तर काय होईल? ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस हें सांगावयास नको. भरल्या मोटेचा नाडा तुटला म्हणजे बैल धांवेवर पुढें कोसळतात, कारण त्यांचा जोर तोच राहतो, मागची ओढ मात्र नाहींशी होते. तसेंच येथें होतें. पूर्ण भारावर चालणाऱ्या मोठ्या संचाचा भार सुटला आणि वाफ आवरली नाहीं, तर एक-दोन सेकंदांतच वेग दहा टक्क्यांनीं वाढतो व पुढें वाढतच राहतो.

आतां गति वाढली तर बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. फिरत्या चाकावरील ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गति दहा टक्क्यांनीं वाढली तर ताण १.२१ पट, वीस टक्क्यांनीं वाढली तर १.४४ पट, आणि दुप्पट झाली तर चौपट होतो. पोलादास कितीहि झालें तरी मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे चाकें फुटतात व त्यांचे तुकडे यंत्राचें कवच फोडून बाहेर पडतात. जवळच वंगणाचें तापलेलें तेल व मोठ्या संचांत जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायु असतो. मग आग लागावयास उशीर लागत नाहीं.

दोन रखवालदार

हें संकट टाळण्यासाठीं यंत्रावर दोन रखवालदार ठेविलेले असतात. पहिला गव्हर्नर. तो क्षणोक्षणीं वेग पाहून वाफ कमीअधिक करतो. हा रोजचा कामकरी असल्यामुळें तो आजारी पडला तर बहुधा लागलीच दिसून येतें. दुसरा रखवालदार म्हणजे बंद-कळ, जिला कारखान्यांतील लोक 'ट्रिप' म्हणतात. गव्हर्नर हरला तरच हिचें काम. जुन्या पद्धतींत दांड्याच्या टोकांत एका बाजूस जड असा एक बोल्ट स्प्रिंगनें दाबून बसविलेला असतो. वेग नेमल्या वेगाच्या सुमारें ११० टक्के, म्हणजे ३००० फेऱ्यांच्या यंत्रांत ३३०० च्या आसपास गेला कीं हा बोल्ट बाहेर उसळतो व एका खटक्यावर आदळतो. खटका पडतांच तेलाचा दाब उतरतो; आणि ज्या स्टॉप व्हॉल्व्हला त्या तेलाच्या दाबानें उघडें धरिलेलें असतें तो स्प्रिंगच्या जोरानें खाडकन् मिटून वाफ तोडतो. नव्या यंत्रांत बोल्टाच्या जागीं वेग मोजणारीं तीन विजेचीं साधनें असतात, व तिघांपैकीं दोघांचें मत पडलें म्हणजे विजेच्या झडपा तेल सोडून देतात. वंगणाचा दाब उतरला, धुऱ्याची थरथर वाढली किंवा दांडा सरकला, तरीहि हीच कळ पडते.

रोजच्या कामांत नसणें हाच या दुसऱ्या रखवालदाराचा दोष. तो महिनोन् महिने उभा असतो. वाफेंतील क्षार व्हॉल्व्हच्या दांडीवर बसतात, तापलेल्या पोलादावर गंजाची पापडी धरते, तेलांतील गाळ बारीक झडपांत अडकतो, स्प्रिंग मऊ पडते. बाहेरून मात्र कांहीं दिसत नाहीं. जागा असलेला रखवालदार व बसल्या जागीं मेलेला रखवालदार, दोघे दुरून सारखेच दिसतात.

आमच्या नोकरींतील एक धडा

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस हा धडा एका तलावानें शिकविला. एका जुन्या मालगुजारी तलावाच्या दरवाजाचा आटा गंजून बसला होता. कागदोपत्रीं मात्र दरसाल 'दरवाजा सुस्थितींत' अशी नोंद येई, आणि ती पुढील तक्त्यांत सुवाच्य अक्षरांत उतरविण्याचें काम आमचेंच होतें. उन्हाळ्यांत तो फिरवून पाहिला कोणीच नव्हता. एका वर्षीं ऑगस्टांत तलाव तुडुंब भरला. लोक दरवाजा उघडूं गेले तों तो हलेना. सांडव्याकडील पाळ खचली आणि खालच्या बांध्यांतील रोवणी वाहून गेली. दरवाजा कोणत्या वर्षीं बसला हें कोणास सांगतां आलें नाहीं. कदाचित् तो त्याच वर्षीं बसला असेल, कदाचित् दहा वर्षांपूर्वीं. आमच्या नोंदी मात्र सर्व वर्षांच्या सारख्याच चांगल्या होत्या.

मुदतीचा हिशेब

'कितीदां तपासावें' या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. जो बिघाड आपण होऊन कळत नाहीं, तो एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत लपून राहतो. तो मुदतीच्या आरंभींहि होऊं शकतो व शेवटींहि. म्हणून सरासरीनें तो अर्धी मुदत लपतो असें धरावयाचें.

समजा, एखादी ट्रिप सरासरीनें ५० वर्षांतून एकदां गुपचूप निकामी होते. हा आंकडा आम्हीं केवळ हिशेबासाठीं घेतला आहे. वर्षांतून एकदां तपासलें तर बिघाड सरासरी सहा महिने लपेल. म्हणजे कोणत्याहि एका दिवशीं कळ मेलेली असण्याचा संभव शंभरांत एक. तीन महिन्यांनीं तपासलें तर चारशांत एक. दरमहा तपासलें तर बाराशांत एक. आणि पांच वर्षें तपासलेंच नाहीं, तर अडीच वर्षें लपेल. म्हणजे विसांत एक. यंत्र तेंच, माणसें तींच. केवळ मुदत बदलल्यानें धोका विसांत एकापासून बाराशांत एकापर्यंत उतरतो.

यास गव्हर्नरचा हिशेब जोडावा. गव्हर्नर दहा वर्षांतून एकदां हरतो असें धरलें, तर वार्षिक तपासणीच्या कारखान्यांत दोन्ही रखवालदार एकदम चुकण्याचा प्रसंग हजार वर्षांतून एकदां येईल. पांच वर्षांच्या कारखान्यांत दोनशें वर्षांतून एकदां. दोनशें वर्षें पुष्कळ वाटतात खरीं, परंतु अशीं टर्बाइनें वीस कारखान्यांत असलीं तर त्यांपैकीं एकांत दर दहा वर्षांनीं हा घात होणार. सुरक्षेच्या यंत्रणांची प्रत ठरविणारे जे आंतरराष्ट्रीय दंडक आज चालू आहेत, त्यांचा पाया हाच त्रैराशिकाचा हिशेब आहे.

तर मग रोजच कां तपासूं नये?

असा प्रश्न सहज येतो, व त्याचें उत्तर अनुभवानें मोठी किंमत देऊन मिळालें आहे. यंत्राचा वेग खरोखर वाढवून ट्रिप पडते कीं नाहीं हें पाहणें, ही परीक्षा स्वतःच यंत्रावर ताण घालते. इंग्लंडांत हिंक्ले पॉइंट येथें १९ सप्टेंबर १९६९ रोजीं अशाच नेहमींच्या परीक्षेसाठीं वेग वाढवीत असतां, ट्रिपचा अंक येण्यापूर्वींच टर्बाइनचें एक चाक फुटलें. त्यांत रासायनिक क्षयानें अगोदरच बारीक चीर पडलेली होती. अमेरिकेंत गॅलाटिन येथें १९७४ सालीं थंड यंत्र चालू करून ही परीक्षा घेत असतां मोठा दांडाच फुटला. थंड पोलाद ठिसूळ असतें, म्हणून यंत्र नीट तापल्यावांचून परीक्षा घेऊं नये हा धडा त्यांतून मिळाला. दक्षिण आफ्रिकेंत डुव्हा वीज केंद्रांत २०११ च्या फेब्रुवारींत ६०० मेगावॅटचा एक संच परीक्षेच्या वेळींच हाताबाहेर गेला व मोडला. तेव्हां खरी वेगपरीक्षा ही जपून, क्वचित् व पूर्ण तयारीनें घ्यावयाची गोष्ट आहे.

याच्या उलट बाजूचा दाखला अमेरिकेंतील सालेम वीज केंद्राचा. तेथें ९ नोव्हेंबर १९९१ रोजीं १८०० फेऱ्यांचें टर्बाइन सुमारें २९०० फेऱ्यांवर गेलें व फुटलें. ट्रिप सोडणाऱ्या विजेच्या झडपा एकाहून अधिक होत्या. एक चुकली तर दुसरी असावी हाच त्यामागील हेतु होता. परंतु त्या स्वतंत्रपणें तपासल्या जात नव्हत्या. सर्वांची मिळून तपासणी घेतली कीं एक जरी चालली तरी 'ठीक' असा निकाल येतो, आणि बाकीच्या मेलेल्या आहेत हें कळत नाहीं. अशा रीतीनें त्या सर्वच अडकेपर्यंत कोणास पत्ता लागला नाहीं. चार बैलांच्या नांगरांत कोणता बैल जूं टाकून चालला आहे, हें नांगर पुढें सरकतो एवढ्यावरून समजत नाहीं.

निष्कर्ष असा, कीं 'ट्रिप किती दिवसांनीं तपासावी' हा एक प्रश्न नसून अनेक प्रश्न आहेत. प्रत्येक भागाची मुदत निराळी आहे. जी तपासणी निरुपद्रवी ती वारंवार, व जी ताण देणारी ती क्वचित्.

मुदतींचा तक्ता

सर्वसाधारण वहिवाट आम्ही खालीं देतों. यंत्र बांधणाऱ्याच्या पुस्तकांत याहून जवळची मुदत सांगितली असल्यास तीच पाळावी.

१. दर पाळीस: तेलाचा दाब, तेलाची पातळी, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांतून वाफ किंवा तेल झिरपतें काय, हें डोळ्यांनीं पाहावें.

२. दर आठवड्यास: यंत्र चालू असतांच प्रत्येक स्टॉप व्हॉल्व्ह थोडासा मिटून पुन्हा उघडावा, दांडी सुटी आहे एवढें कळलें म्हणजे झालें. टर्बाइनच्या मधून जेथें कारखान्यास वाफ काढून घेतात, तेथील उलट वाफ रोखणाऱ्या झडपाहि हलवून पाहाव्या. भार सुटल्यावर नळांतील वाफ माघारी येऊन यंत्र पळवूं शकते, हें पुष्कळ जण विसरतात. साखर कारखान्यांत व गिरण्यांत हा धोका विशेष, कारण तेथें वाफेचे नळ लांब असतात.

३. दरमहा: वेग मोजणारीं तिन्ही साधनें एकेक करून, व तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपाहि एकेक करून तपासाव्या, एकत्र कधीं नव्हे. बोल्टाच्या यंत्रांत तेल सोडून बोल्ट वेग न वाढवितां उसळविण्याची सोय असेल तर तीहि करावी. वंगणाचा दाब उतरल्यावर दुसरा पंप आपोआप चालू होतो काय, तेंहि पाहावें.

४. प्रत्येक वेळीं यंत्र बंद करतांना: भार उतरवून मग ट्रिपच्या कळीनेंच यंत्र बंद करावें. व्हॉल्व्ह किती वेळांत मिटला तें लिहावें. वाफ खरोखर तुटल्याची खात्री झाल्यावरच जनित्र वीजवाहिनीपासून सोडवावें. आधीं जनित्र सोडवून मागाहून वाफ बंद करणें म्हणजे आधीं नाडा कापून मग बैलांस हाक मारणें होय. मिटलेल्या व्हॉल्व्हमधून वाफ गळते काय हेंहि याच वेळीं पाहतां येतें.

५. वर्षांतून एकदां, तसेंच गव्हर्नर किंवा ट्रिप उघडून दुरुस्त केल्यावर आणि यंत्र फार दिवस उभें राहिल्यावर: खरी वेगपरीक्षा. यंत्र कांहीं तास भारावर चालवून आंतपर्यंत तापवावें. वेग दोन स्वतंत्र साधनांनीं मोजावा. एक माणूस हातानें बंद करण्याच्या कळीपाशीं उभा असावा, आणि चाकांच्या रेषेंत कोणीहि उभें राहूं नये. नेमलेल्या अंकास ट्रिप पडली नाहीं तर 'आणखी थोडें वाढवून पाहूं' असें म्हणूं नये; तात्काळ हातानें यंत्र बंद करावें. विजेच्या साधनांत ट्रिपचा अंक तात्पुरता खालीं आणून, वेग न वाढवितां सर्व साखळी पाहण्याची सोय असते. ती चांगली, मात्र अंक पुन्हा पूर्ववत् केल्याची नोंद दोघांच्या सहीनें झाली पाहिजे.

पहिल्या खेपेची नोंद

तपासणीइतकीच तिची नोंद महत्त्वाची. आमचा पुतण्या एका कारखान्याच्या वीजगृहांत पाळीवर काम करतो. हंगाम थांबूं नये म्हणून तेथें तीन वर्षें वार्षिक परीक्षा पुढें ढकलली गेली होती. चौथ्या वर्षीं हंगाम संपल्यावर ती घेण्याचें ठरलें. यंत्र थांबलेलें असतां कळ दाबली, तों स्टॉप व्हॉल्व्ह अर्ध्यावर येऊन थांबला. एका जुन्या मिस्त्रीनें दांडीवर हातोडीनें टिचकी मारली. व्हॉल्व्ह खालीं बसला. पुन्हा उघडून कळ दाबली, या वेळीं तो लागलीच मिटला. वहींत लिहावयाचें होतें 'व्हॉल्व्ह ठीक'. पुतण्यानें लिहिलें, 'पहिल्या खेपेस अडकला, ठोकल्यावर मिटला.' त्यावरून थोडी बोलाचाली झाली, पण त्याच नोंदीमुळें व्हॉल्व्ह उघडण्यांत आला व दांडीवर क्षारांचा जाड थर निघाला.

त्यानें ही हकीकत सांगितली तेव्हां आम्हांस आमचे ते सुवाच्य तक्ते आठवले व मान खालीं गेली. खऱ्या संकटाच्या वेळीं हातोडी घेऊन कोणी उभा नसतो. म्हणून पुसण्यापूर्वीं, तेल घालण्यापूर्वीं, ठोकण्यापूर्वीं जी पहिली खेप होते, तीच खरी परीक्षा. दुसऱ्या खेपेचें यश हें दुरुस्तीचें यश आहे, कळीचें नव्हे. पहिली खेप फसली तर तपासणीची मुदत निम्म्यावर आणावी. लागोपाठ अनेक खेपा साधल्या, तरच ती वाढविण्याचा विचार यंत्र बांधणाऱ्याच्या संमतीनें करावा. चावडींत बसून भरलेली पीकपाहणी आणि टेबलाशीं बसून भरलेली ट्रिपची वही, दोन्ही एकाच जातीच्या.

सभासदांनीं काय विचारावें

साखर कारखान्याच्या किंवा गिरणीच्या वार्षिक सभेंत आपण ताळेबंद पाहतों, उसाचा भाव विचारतों, लाभांश विचारतों. बॉयलरचा दाखला कायद्यानें मुदतीचा असल्यामुळें त्याची आठवण सरकारच करून देतें. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून हा परिपाठ चालत आला आहे. टर्बाइनच्या बंद-कळीची आठवण मात्र मालकांनींच ठेवावयाची असते. म्हणून चार प्रश्न आणखी विचारावे. गेली खरी वेगपरीक्षा कोणत्या तारखेस झाली, व ट्रिप किती फेऱ्यांस पडली? पहिल्या खेपेस पडली काय? तीन साधनें व झडपा एकेक करून तपासल्या जातात काय? आणि पुढें ढकललेली तपासणी कोणाच्या सहीनें ढकलली गेली? उत्तर वहींतून मिळालें तर समाधान मानावें. 'सर्व ठीक आहे' एवढेंच मिळालें तर वही मागावी.

एका दिवसाच्या गाळपाचें नुकसान आंकड्यांत मांडतां येतें, म्हणून तें मोठें वाटतें. अडकलेल्या व्हॉल्व्हचें नुकसान घडेपर्यंत कोणत्याहि वहींत दिसत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं तलावाचा दरवाजा फिरवून पाहणारा शेतकरी ज्या शहाणपणानें वागतो, त्याच शहाणपणाची येथें गरज आहे. आणि तें शहाणपण आपल्यापाशीं पिढ्यान् पिढ्या आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीं तें आपल्या कारखान्याच्या दारापर्यंत न्यावें, एवढेंच आमचें सांगणें.